गोफणगुंडा

दिवाळी तोंडावर आली की आम्हां मराठीच्या मास्तरांवर कथांचा वर्षाव सुरू होतो. मुलचेऱ्याच्या आमच्या लहानशा कॉलेजातही एक हस्तलिखित निघते आणि, दुसरे कुणी पुढे येत नाही म्हणून, त्याचा संपादक मीच असतो. गेल्या वर्षी बी. ए.च्या एका मुलीने अंतराळयानांच्या लढाईची कथा दिली. भाषा साधी, नेटकी. पण लढाई अगदीच मुकी! ना गडगडाट, ना लाल-हिरवे किरण. तिच्या नायिकेने खडीचे एक पोते शत्रूच्या वाटेवर रिते केले आणि ती स्वस्थ बसली. मी समासात लाल शाईने लिहिले, 'युद्धवर्णन फिके. नाट्य हवे.' तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते; पण संपादकाचा हात फार खाजतो. मी स्वतःच तीन-चार ठिकाणी 'धडाम्' घातले, एक निळा किरण सोडला आणि कथा लावून टाकली.

मुलगी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "तिथं हवाच नाही न जी सर. आवाज कसा येईन?"

घरी हकिगत सांगितली, तर आमची ही म्हणाली, "अहो, मग तिचंच बरोबर आहे की!" तेव्हा कुठे मी पुस्तके उघडली.

माझे अंतराळ म्हणजे भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. त्याने १८६५च्या कादंबरीत माणसे प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवली होती. तोफ पाहिली की आम्हां साहित्यिकांना आवाजच आठवतो. पण निर्वात पोकळीत आवाज चालत नाही. किरणही बाजूने दिसत नाही. थंडीच्या धुक्यात बॅटरीचा झोत दिसतो तो धुक्यामुळे. तिथे धुके कुठले? लेसर लांबवर पसरतो, पातळ होतो, आणि तो सोडणाऱ्या यंत्राची उष्णता बाहेर टाकायला मोठाले पंखे पसरून ठेवावे लागतात. शत्रू आधी तेच फोडणार. साधी तोफ मात्र चालते, कारण दारूत तिचा प्राणवायू तिच्याजवळच असतो. सोव्हिएत संघाने साल्यूत-३ या स्थानकावर खरोखरच एक बसवली होती आणि जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकात कुणी नसताना, ती दुरून डागूनही पाहिली.

पण खरे हत्यार म्हणजे वेग. आमच्याकडे मक्याच्या राखणीला माचाणावर बसलेली पोरे गोफण फिरवतात. गुंडा सुटला की हवा त्याला अडवते, जमीन त्याला ओढून घेते. पृथ्वीभोवती जवळून फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. सेकंदाला तीन किलोमीटर या वेगानेच एक किलोच्या धोंड्यात एक किलो टीएनटीएवढी शक्ती येते. वेग दुप्पट झाला की शक्ती चौपट! मग त्यात दारू भरायची कशाला? भारताने २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'त आपलाच एक उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर फोडला, तो नुसत्या धडकेने.

हे वाचताना मला लाडबोरी आठवली. वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातले हे गाव. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते निखारे ओळीने गेले आणि गावात माणसाच्या उंचीहून मोठे धातूचे कडे येऊन पडले. तज्ज्ञांनी ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे सांगितले. कुणाला इजा झाली नाही. हवेने त्याचा वेग खाल्ला होता. वर, हवा नसलेल्या ठिकाणी, तेच कडे एखाद्या यानाच्या आडवे आले असते तर? मुलीच्या मामाचे गाव त्याच तालुक्यात आहे, हे मला मागाहून कळले. तिची खडी तिथून आली होती.

कथेचा शेवटही मी 'अपूर्ण' ठरवला होता. नायिका जिंकते, पण खडी आता तिच्याच ग्रहाभोवती फिरते आहे आणि तिला घरी उतरता येत नाही. ती खिडकीशी बसून राहते. मला वाटले, पोरीला शेवट सुचला नाही. पण चीनने जानेवारी २००७ मध्ये सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर आपला जुना उपग्रह फोडला, त्याचे नोंद झालेले तुकडेच तीन हजारांवर गेले आणि त्यांतले पुष्कळसे अजून फिरत आहेत. भारताने मुद्दाम खालची उंची निवडली. बहुतेक तुकडे काही महिन्यांत हवेत येऊन जळाले. एवढा हिशेब त्या मुलीने एका खिडकीत बसवला होता, आणि मी तिथे 'अपूर्ण' लिहिले!

जयंत नारळीकरांनी १९७४ साली आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक मी नव्हतो हे त्यांचे भाग्य.

यंदाच्या हस्तलिखितात ती कथा पुन्हा घेतली आहे, जशीच्या तशी. खाली संपादकाची दिलगिरी, तीही माझ्याच अक्षरात. मुलीला बोलावून पाने दाखवली. तिने सावकाश, बोट ठेवून सगळे वाचले, मान हलवली आणि शेवटून दुसऱ्या पानावर थांबली.

"सर, एक धडाम् राहिला न जी."