पाणथळीतली फुलं तण नव्हेत

पनवेलच्या बागांमध्ये एक समजूत पक्की आहे: पाणथळीत उगवतं ते तण, आणि बागेला शोभणारं रोप बाहेरूनच यायचं. ही समजूत टिकणारी नाही.

आयरिसचंच पाहा. जपानची हानाशोबू तिथल्या ओलसर कुरणांतल्या रानटी आयरिसमधून एदो काळात निवडत निवडत घडली. १९२०च्या दशकात जॉन स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने न्यू ऑर्लिन्सभोवतीच्या दलदलींतल्या आयरिस नोंदवल्या. वाढत्या शहराचा भराव त्याच दलदलींवर पडत होता. बागप्रेमींनी तिथले कंद जपले आणि लुइझियाना आयरिस जगभरच्या बागांत पोहोचली.

मग आयरिसच आणून लावावी, असं कुणी म्हणेल. तेही पटत नाही. युरोपातली पिवळी आयरिस बागेसाठी अमेरिकेत नेली, ती आज तिथले ओढे-तळी व्यापते. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णीही शोभेसाठीच देशोदेशी पोहोचली. तिने आपल्या नद्यांचं काय केलं, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे काय कमी आहे? बाळगुटीत उगाळतो ते वेखंड चिखलातच वाढतं. त्याची तलवारीसारखी, सुगंधी पानं आयरिसइतकीच देखणी दिसतात. नदी-ओढ्याकाठच्या रानटी क्रायनमची पांढरी, लांब पाकळ्यांची फुलं संध्याकाळी दरवळतात. जुलैच्या ज्या साचल्या पाण्यात गुलाबाची मुळं कुजतात, त्यात हा कंद तग धरतो. गच्चीवर जागा असेल तर टबात कुमुद फुलतं.

पाणी म्हटलं की डास, हा आक्षेप खरा; पण टबात गप्पी मासे सोडले की ते डासांच्या अळ्या खातात.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे: कौतुक केलं की लोक रानातून कंद उपटून नेतील. ही भीती रास्त आहे. म्हणून रोप रानातून आणायचं नाही. ते रोपवाटिकेत मागायचं, किंवा ज्याच्या बागेत आहे त्याच्याकडून फुटवा घ्यायचा. मागणी वाढली की रोपवाटिका ही रोपं वाढवू लागतील.

मात्र टब म्हणजे पाणथळ नव्हे. टबात एक रोप जगतं; पाणथळीत त्याचं बी पडतं, बेडूक-पाखरं राहतात, पावसाचं पाणी मुरतं. विमानतळ आणि नवी घरं यांच्यासाठी पनवेल-उरण पट्ट्यात भराव पडत असताना बागप्रेमींनी कुंडीपुरतं पाहू नये. प्रत्येक बागेत एक स्थानिक पाणथळ रोप असावं, आणि उरलेल्या प्रत्येक पाणथळीसाठी त्या बागेच्या मालकाने हरकत नोंदवायला पुढे यावं.