हेलनने घर सोडलं तेव्हा



इंग्रजी अभिजात साहित्य म्हटलं की शेक्सपिअर, डिकन्स, जेन ऑस्टिन ही नावं आठवतात. ब्राँटे बहिणींपैकी शार्लटची 'जेन एअर' आणि एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आपल्यापैकी काहीजणींनी कॉलेजात वाचलीही असेल. धाकटी बहीण अ‍ॅन मात्र मागेच राहिली. तिची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी १८४८ साली अ‍ॅक्टन बेल या टोपणनावाने निघाली. समुपदेशनाचं काम करताना मला ती सगळ्यांत जवळची वाटते.

हेलनचा नवरा आर्थर श्रीमंत, देखणा, पण दारूडा आणि बाहेरख्याली. लग्नानंतर आपण त्याला सुधारू, हा तिचा भरवसा. (हा भरवसा आपल्या केंद्रांत रोज ऐकू येतो.) तो लहानग्या मुलालाही दारू आणि शिव्या शिकवू लागतो, तेव्हा ती निघायचं ठरवते. चित्रं विकून पोट भरायचा बेत असतो. तिची डायरी वाचून नवऱ्याला तो कळतो. तो तिचं चित्रकलेचं सामान जाळतो, पैसे-दागिने ताब्यात घेतो. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात याला आर्थिक छळ म्हटलं आहे.

तरीही ती मुलाला घेऊन निघते, भावाच्या मदतीने दूरच्या एका पडक्या वाड्यात नाव बदलून राहते. नाव का बदलावं लागलं? गोष्ट १८२० च्या दशकातली आहे. तेव्हा इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची आणि मूलही नवऱ्याचंच. कॅरोलाइन नॉर्टनच्या झगड्यानंतर १८३९ साली सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा कोर्टात मागायची मुभा आईला मिळाली. स्वतःच्या कमाईवर हक्क मिळायला १८७० उजाडलं.

पुढे नवरा आजारी पडतो आणि हेलन सेवेला परत जाते. ती का गेली, यावर शिबिरात भांडण होईल आणि व्हावंही. पण एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. मुलाला भेटू देण्याआधी ती नवऱ्याकडून मुलाविषयी लेखी करार घेते, साक्षीदारासमोर सही करवून. लिहून घेतल्याशिवाय बाईला परत पाठवू नका, असं आपण सांगतो ते हेच.

अ‍ॅन १८४९ साली, २९ व्या वर्षी वारली. तिने निवडलेला विषयच चुकला, असं शार्लटचं मत होतं. १८५० साली तिने या कादंबरीची नवी आवृत्ती निघू दिली नाही. घरातलं उघड्यावर आणणारीला घरचेच गप्प करतात, ते असं.

इंग्लंडचा कायदा इंग्लंडातच राहिला नाही. बायकोने नांदायला यावं म्हणून नवऱ्याने कोर्टात जाण्याचा दावा तिथूनच आपल्याकडे आला. दादाजी भिकाजीने १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर तोच लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

इंग्लंडने १९७० साली कायदा करून हा दावा रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो अजून आहे. पोटगी मागायला गेलेल्या बाईच्या हातात 'नांदायला ये' ही नोटीस पडते, ती याच कलमाखाली.

पुढच्या बैठकीत हेलनची आणि रखमाबाईंची गोष्ट एकत्र सांगा आणि मग कलम ९ वर बोला. आपापल्या गटात काय चर्चा झाली ते आम्हाला जरूर कळवा.