चार पोर्ट म्हणजे चौपट वेग?

नेटवर्किंगच्या व्हायवात आम्हाला प्रश्न आला होता: सर्व्हरला चार पोर्टचं गिगाबिट कार्ड लावलं तर वेग किती? निम्म्या वर्गाने छातीठोकपणे सांगितलं, "चार गिगाबिट, सर!" त्यात मीही होतो. उत्तर का चुकलं ते मला पुस्तकाने नाही, लोकलने शिकवलं.

मी राहतो मुलुंडला, कॉलेज अंधेरीला. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. कुर्ला ते ठाणे मध्य रेल्वेच्या सहा मार्गिका आहेत. म्हणून माझी गाडी घाटकोपरला सहापट लवकर पोहोचते का? छे! एक गाडी एकाच मार्गिकेवरून धावते. जास्त मार्गिका म्हणजे एका वेळी जास्त गाड्या, एवढंच.

कार्डाचंही तसंच. ८०२.३एडी हे २००० सालचं मानक चार पोर्टांची मोट बांधतं. पण पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच पोर्टवरून जातात. म्हणजे एकट्याने मोठी फाइल कॉपी केली तर सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. चाळीस जण एकदम बसले की मात्र भार चौघांत वाटला जातो.

मग जास्तीचे पैसे कशाचे? एक म्हणजे, चेकसम काढणं, मोठ्या डेटाचे तुकडे पाडणं ही हमाली प्रोसेसरऐवजी कार्ड करतं. दुसरं, बॅकअप एका तारेवर, मुलांचा वापर दुसऱ्या तारेवर, असं वेगळं करता येतं. इंटेलच्या आय३५०सारख्या चिपवर तर एका पोर्टचे भाग पाडून ते व्हर्च्युअल मशीनना थेट देता येतात. फक्त स्लॉट बघून घ्या. जुन्या ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झच्या पीसीआय बसची एकूण क्षमताच सेकंदाला १३३ मेगाबाइट. एकच पोर्ट ती खाऊन टाकतो. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीतही चार लेनना प्रत्येक दिशेला १००० मेगाबाइट मिळतात.

पण माझ्या मते या कार्डाचं खरं मोल आहे राखीव वाटेत. रविवारी मेगाब्लॉक असला की फास्ट गाड्या माटुंगा ते मुलुंड स्लो मार्गावर वळवतात. उशीर होतो, पण घरी पोहोचतो. यालाच आपण फेलओव्हर म्हणतो.

आणि नेमकी इथेच आम्ही माती खाल्ली. गेल्या वर्षी डिपार्टमेंटच्या सर्व्हरला असं कार्ड बसवायचं काम आम्हा चौघांकडे होतं. केबल्स सुबक क्रिंप केल्या, लेबलं चिकटवली आणि चारही खोचल्या एकाच स्विचमध्ये! सबमिशनच्या आदल्या दिवशी त्या स्विचचा पॉवर सप्लाय गेला. चारही दिवे एकदम विझले. सर्व्हर धडधाकट, सगळ्या वर्गाचे रिपोर्ट शाबूत, पण तिथवर जायला वाटच नाही. पेन ड्राइव्ह घेऊन सर्व्हररूमबाहेर रांग लागली. शेवटचा मुलगा बाहेर पडला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, आणि आमच्याकडे बघून कोणीही हसलं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी कुर्ल्याकडे फास्ट काय नि स्लो काय, रूळ सगळेच पाण्याखाली. शेजारी शेजारी टाकलेल्या वाटा एकाच पाण्यात बुडतात. आमच्या चार केबल्सचं तेच झालं.

एका कार्डात चार पोर्ट घेतले की स्लॉट वाचतो, हे मान्य. पण भरवसा हवा असेल तर एक केबल मदरबोर्डवरच्या पोर्टला, दुसरी कार्डाला लावा. स्विच दोन, यूपीएसही दोन. लिनक्समधलं ॲक्टिव्ह-बॅकअप बाँडिंग वापरलं तर स्विचवर खास सेटिंगही लागत नाही; लॅबच्या कपाटात पडलेला जुना गिगाबिट स्विचसुद्धा चालेल. आणि सगळं जोडून झालं की स्वतःच्या हाताने एक केबल उपटून बघा, एक स्विच बंद करून बघा. सबमिशनच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी.

यंदा ज्युनियर्सना तोच प्रश्न आला, तर माझा सल्ला एवढाच: वेग सांगण्याआधी सरांना विचारा, "सर, चारही केबल्स जातात कुठे?"