वाचक कोठून आणायचे?



अंक काढणे सोपे, तो वाचला जाणे कठीण. आपल्या वस्त्यांतून नवे मासिक, नवे पत्र किंवा विहारातले भित्तिपत्रक सुरू करणाऱ्या प्रत्येक मंडळाला हा अनुभव येतो. पहिल्या अंकाच्या प्रकाशनाला पाहुणे, हारतुरे, चहा, फोटो, सारे काही होते. दुसऱ्या अंकाला निम्मी माणसे. तिसऱ्या अंकाचा गठ्ठा कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडतो आणि दिवाळीच्या साफसफाईत घरातली बाई तो कपाटाच्या फळीवर अंथरते. मग मंडळातली मुले म्हणतात, "आपल्या लोकांना वाचायलाच नको." हे वाक्य मी फार वर्षे ऐकत आले आहे आणि ते मला कधी पटलेले नाही. ज्यांच्यात अक्षर ओळखणारे गावात दोन-चारच निघत, त्या माणसांनी पत्रे ऐकली, जपली आणि एकमेकांना पोहोचवली. ते कसे झाले हे जरा नीट पाहिले, तर आजच्या मुलांना त्यातून पुष्कळ हाती लागेल.

३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे. आता नवे पत्र निघाले आहे ही खबर लोकांना द्यायची कशी? आजही मंडळांना पहिली आठवण होते ती जाहिरातीची. तेव्हाही झाली. पुण्याच्या 'केसरी'कडे 'मूकनायक'ची जाहिरात पाठवली, पैसे देऊन छापा म्हटले, तरी ती छापली गेली नाही. पुढे 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे. ही गोष्ट आपण नेहमी अन्यायाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि तो अन्याय होताच. पण माझ्या मनात नेहमी दुसरा एक विचार येतो. ती जाहिरात छापून आली असती, तर 'मूकनायक'ला किती वाचक मिळाले असते? 'केसरी' घेणारा आणि 'मूकनायक' ज्याच्यासाठी निघाला तो, हे दोघे एका ओसरीवर बसतच नव्हते. मोठ्या पत्राच्या पानातून जो वाचक आला असता, तो बहुधा हा वाचक नव्हेच.

हा वाचक आला तो माणसाच्या तोंडून. परळच्या चाळीत, गिरणीच्या पाळीनंतर, रेल्वेच्या आणि गोदीच्या कामगारांच्या खोल्यांत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. गावाकडे ते काम एखादा शिक्षक किंवा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला जुना शिपाई करी. एक वाचणारा आणि वीस ऐकणारे. छापखान्याच्या हिशेबात एक प्रत खपली, पण अंक एकवीस जणांपर्यंत पोहोचला. शिवाय ऐकणारा माणूस नुसता ऐकत नसतो. तो मध्येच थांबवतो, "ते पुन्हा वाच" म्हणतो, भांडतो, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सांगतो. 'मूकनायक'मध्ये लेखांबरोबर क्षेम-समाचार, कुशल प्रश्न अशी सदरे होती. म्हणजे मोठ्या विचाराच्या शेजारी, बाबा तुझे कसे चालले आहे, ही विचारपूसही होती. माणगावच्या परिषदेसारख्या, २१ आणि २२ मार्च १९२० च्या घटनेचा वृत्तांतही त्यात आला. जो स्वतः परिषदेला गेला होता, त्याने तो वाचून घेतला असेलच; आणि जो गेला नव्हता त्याने तर दोनदा.

आता वेळेची गोष्ट पाहा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. 'बहिष्कृत भारत' निघाले ३ एप्रिल १९२७ ला, बरोबर चौदा दिवसांनी. महाडहून माणसे गावोगाव परतली होती. काहींची डोकी फुटली होती, आणि झाले काय याच्या दहा कहाण्या दहा तोंडांनी फिरत होत्या. खरे काय ते कळावे अशी भूक लोकांना लागलेली असताना अंक हातात पडला. 'जनता'चेही तसेच. लंडनची पहिली गोलमेज परिषद १२ नोव्हेंबर १९३० ला सुरू झाली आणि 'जनता'चा पहिला अंक २४ नोव्हेंबरला निघाला. आपले बाबासाहेब तिकडे काय बोलत आहेत हे ज्याला ऐकायचे होते, त्याला अंकाची जाहिरात कशाला करावी लागते? लोक ज्या गोष्टीची वाट पाहत आहेत ती गोष्ट अंकात असली, तर वाचक शोधावा लागत नाही.

याच्याही आधीचे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पैशाअभावी अडले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवले. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. १८८४ पासून लोखंड्यांनी तो प्रश्न लावून धरला आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. सहा वर्षे एक विषय! आजच्या अंकांत पाहा, दर महिन्याला नवा विषय, आणि मागच्या महिन्याच्या विषयाचे पुढे काय झाले याचा पत्ता नाही. वाचक परत येतो तो "पुढे काय झाले?" हे विचारायला. ते सांगायचेच नसेल, तर त्याने का यावे?

परंतु एवढे सारे असूनही ही पत्रे बंद पडली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. 'मूकनायक' १९२३ साली थांबले. 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर निघाले नाही. ते लोकांना नको होते म्हणून नव्हे. वाचक वेगळा आणि वर्गणीदार वेगळा, आणि हा फरक आपल्या माणसांनी कधी नीट ओळखला नाही. वीस जण ऐकत होते, पण वर्गणी एकाचीच येत होती, आणि तीही थकत होती. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी या ऋणाचा प्रश्न उघडपणे वाचकांपुढे ठेवला. दुसरे दुखणे मनुष्यबळाचे. लिहायला माणूस नसल्याने चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले आहेत. बॅरिस्टर माणूस, दिवसा कोर्ट, संध्याकाळी सभा, आणि रात्री चोवीस रकाने. 'जनता'ला मात्र अनेक हात लागले. देवराव विष्णू नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, यशवंतराव आंबेडकर यांनी ते सांभाळले आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत ते पंचवीस वर्षे टिकले. आणि खेड्यात राहूनही पत्र टिकते याचा दाखला हवा असेल, तर मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' आठवा. १९१० पासून १९६७ पर्यंत, त्या वेळच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून तो निघत राहिला.

हे सारे आज लिहायला कारण झाले एक पत्र. एका पुनर्वसन वसाहतीतल्या चार मुलामुलींनी चार पानी मासिक काढले आहे. झेरॉक्सच्या दीडशे प्रती काढतात. तीन अंक झाले. वसाहतीत वाचणारे पंचवीससुद्धा नाहीत, काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. सोबत तिन्ही अंक पाठवले. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचले.

पहिल्या पानावर पाहुण्यांचे शुभसंदेश. दुसऱ्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. तिसऱ्यावर मोबाईलवर फिरणारे सुविचार. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, दहावीतल्या एका मुलीने लिहिलेली वीस ओळींची हकीगत. तिची आजी जन्मभर लोकांकडे भांडी घासत आली. बोटांच्या रेषा झिजल्या. आता रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही आणि दुकानदार म्हणतो, उद्या या. तीन दिवस आजी गेली, तीन दिवस परत आली. एवढेच. पण मी ते शेजारच्या दोघींना वाचून दाखवले, तर एकीने आपला अंगठा उजेडात धरून पाहिला आणि दुसरीने विचारले, "मग धान्य मिळालं का तिला?" ते त्या मुलीने लिहिलेले नाही. पुढच्या अंकातही नाही. तिथे पुन्हा शुभसंदेश आहेत.

मुलांनो, तुमच्याकडे वाचक येण्याजोगा मजकूर आहे. तो तळाशी दडवला आहे, एवढेच. तो पहिल्या पानावर आणा. आजीच्या धान्याचे काय झाले ते छापा. वसाहतीत असा अंगठा न उमटणाऱ्या आणखी किती बायका आहेत, दारोदार जाऊन मोजा आणि तो आकडा छापा. बोट उमटत नसेल तर दुसरा काय मार्ग आहे, हे शिधावाटप कार्यालयात जाऊन विचारा आणि जे उत्तर मिळेल ते, तारीख घालून, जसेच्या तसे छापा. ज्या घराची हकीगत असेल त्या घराला आधी विचारा, हे मात्र विसरू नका. आपल्या घरातले दुःख चव्हाट्यावर आलेले सर्वांनाच रुचत नाही.

दीडशे प्रती काढू नका. चाळीस काढा आणि त्या चाळीस हातात द्या. दाराच्या कडीला अडकवून जाऊ नका. एक प्रत विहाराच्या भिंतीवर, एक किराणा दुकानाबाहेर, एक पिठाच्या गिरणीत, जिथे माणूस दहा मिनिटे उभा राहतो. पौर्णिमेला वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे वाचन ठेवा. वाचणारा खड्या आवाजाचा निवडा, अध्यक्ष नव्हे. वाचून झाले की विचारा, काय राहून गेले? जे सांगतील ते लिहून घ्या, म्हणजे पुढच्या अंकाचा अर्धा मजकूर तिथेच तयार होतो. अंकाचा दिवस ठरवा आणि तो चुकवू नका. दोन पानांचाच मजकूर असेल तर दोनच पाने काढा, पण त्या दिवशी काढा. मोबाईलवर गटात टाकलेला अंक तीनशे जणांना गेला म्हणून खूश होऊ नका. पुढे ढकलणारा प्रत्येक जण वाचतोच असे नाही. आणि चौघांपैकी एकावरच लिहिण्याचा सारा भार येत असेल, तर आजच पाचवा माणूस शोधा. शक्यतो बाई. वसाहतीत रोज काय घडते ते तिला तुमच्या आधी ठाऊक असते.

आई-वडिलांनाही दोन शब्द. तुमची मुलगी वह्या बाजूला ठेवून हे कसले उद्योग करते, असे तुम्हाला वाटत असेल. पण तिच्या वीस ओळी मी इथे बसून वाचल्या आणि तुमच्या दारातली गोष्ट मला कळली. अंकाला पाच रुपये किंमत ठेवायला सांगा आणि ते पाच रुपये तुम्हीही द्या. घरचाच अंक म्हणून फुकट मागू नका. वर्गणीची वेगळी वही ठेवू द्या, तिच्यात नाव, रक्कम, तारीख. थकबाकी मागायला मुलांना लाज वाटते, ती वसुली एखाद्या वडीलधाऱ्याने अंगावर घ्यावी.

भिंतीवरच्या हस्तलिखिताला काही लागत नाही. पण अंक नियमित छापून त्यातून बातम्या आणि त्यांवरची मते द्यायची असतील, तर २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याप्रमाणे रीतसर नोंदणी करावी लागते. हा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि १८६७ चा जुना कायदा गेला. तेव्हा अंकाला नाव कायम करण्याआधी, ते नाव दुसऱ्या कोणी घेतलेले नाही ना, एवढे पाहून घ्या.