फुलं तोडू द्या, म्हणून जास्वंद लावा



जून उजाडला की शाळाशाळांतून हरितसेना, इको क्लब, बाग मंडळ असं काहीतरी जागं होतं. राष्ट्रीय हरितसेना २००१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे कागदावर तरी अशी मंडळं अनेक शाळांत आहेत. पहिल्या बैठकीतला प्रश्न ठरलेला: यंदा कोणतं झुडूप? उत्तरही बहुधा ठरलेलंच. रोपवाटिकेतलं काहीतरी शोभिवंत, कुंडीसकट. फोटो छान येतो. मग शेजारी पाटी लागते, 'फुले तोडू नयेत'.

माझं मत स्पष्ट आहे. शाळेचं झुडूप असं हवं, की ज्याची फुलं मुलांनी तोडावीत. म्हणून मंडळानं जास्वंद निवडावी, तीही साधी, लाल, पाच पाकळ्यांची. डबल जास्वंद दिसते भरगच्च, पण तिच्यात बरेचसे पुंकेसरच पाकळ्यांसारखे झालेले असतात. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग सुटे करून दाखवायला ती कामाची नाही. साध्या फुलातली मधली नळी उभी चिरली की आतून वर गेलेला कुक्षीवृंत आणि टोकाची पाच ठिपक्यांची कुक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसते. शेतकरी घरातलं मूल तर लगेच म्हणेल, "सर, हे भेंडीच्या फुलासारखंच आहे की!" बरोबरच आहे त्याचं. भेंडी, कापूस, जास्वंद एकाच कुळातली. फळ्यावरच्या आकृतीला नावं देताना हे वाक्य कुणाच्या तोंडून येत नाही.

'मुलं तोडायला लागली तर झाड बोडकं होईल,' असं म्हणणारे भेटतात. अहो, जास्वंदीचं फूल एरवीही बहुधा एकाच दिवसात मिटून गळतं. फुलं येतात ती नव्या फुटीवर, त्यामुळे छाटलं की ती उलट जोरात बहरते. तोडलेल्या पाकळ्या गरम पाण्यात घाला. तो अर्क लिंबाच्या रसात गडद गुलाबी होतो, सोड्याच्या पाण्यात हिरवट. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत आम्ल-आम्लारी शिकवायला आणखी काय लागतं?

काही सहकारी अडुळसा, निर्गुडी सुचवतात. रास्त आहे, जागा असेल तर त्याही लावा. कण्हेर मात्र नको. जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून ती कुंपणाला हमखास असते, पण मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, आणि पहिली-दुसरीची मुलं काय तोंडात घालतील याचा नेम नाही.

खर्च शून्य. पाऊस लागला की प्रत्येकानं घरून किंवा शेजारून पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी आणायची, खालची पानं काढायची, दोन-तीन पेरं मातीत. पुढे शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यानं पुसून काढा. तिथे मुंग्या का येतात, हा वेगळा पाठच होईल.

खरी अडचण मे महिन्याची. शाळा बंद, नळाला कुलूप. कुंडीतली रोपं तिथेच जातात, म्हणून जमिनीत लावा, बुडाशी पालापाचोळा पसरा आणि जवळ राहणाऱ्या दोन-तीन पालकांनी पाण्याचे वार वाटून घ्या. सकाळी फिरायला येणारे एखादे आजोबा गणपतीसाठी पिशवी भरून फुलं नेत असतील, तर त्यांच्यावर चिडू नका. सुट्टीत बादलीभर पाणी घालाल का, एवढं त्यांनाही विचारा.