लाल ठिपका आणि मावळचं दव

हौसेनं आणलेली दुर्बीण सहा महिन्यांनी घरात कुठे असते, याची पाहणी कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण माझा अंदाज विचाराल तर माळ्यावर! आणि खापर फुटतं ते मुलांच्या चंचलपणावर. ‘आमच्याकडे कुठलीच आवड टिकत नाही हो,’ असं आईबापच कौतुकानं सांगतात.

मला हे पटत नाही. पहिल्या रात्री पोराला चंद्र दिसतो, ते घर डोक्यावर घेतं. दोन दिवसांनी शनी पाहायचं ठरतं आणि शनी काही केल्या सापडत नाही. आकाश अफाट आणि दुर्बिणीतून दिसणारा त्याचा तुकडा हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाएवढा. वडील नळीच्या कडेनं डोळा बारीक करून नेम धरतात, आजोबा ‘जरा डावीकडे’ म्हणतात, थंडी वाजू लागते आणि अर्ध्या तासात सगळे घरात. मुलाची आवड तिथे मरते. दोष नेमाचा असतो.

म्हणून दुर्बीण घेणाऱ्यांना माझं सांगणं असं, की खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा विसरा. सत्तर मिलिमीटर भिंगाची दुर्बीण फार तर दीडशे पटीपर्यंत कामाचं चित्र देते. पुढे नुसता धूसर गोळा. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. कागदावरचा आकडा जितका भव्य, तितकं तारण बारकाईनं पाहावं, ही सवय अजून सुटलेली नाही. इथे तारण म्हणजे नळीच्या पाठीवर बसवायचं एक छोटं यंत्र. दुकानदार त्याला ‘रेड डॉट फाइंडर’ म्हणतात.

त्याची करामत साधी आहे. मागे एक बारीक लाल दिवा, पुढे किंचित वक्र काच. दिव्याचा उजेड काचेवरून परतून डोळ्यात समांतर किरणांनी येतो, त्यामुळे लाल ठिपका काचेवर न दिसता थेट ताऱ्यांमध्ये टांगल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका ताऱ्यावर आणायचा, की तारा दुर्बिणीत हजर. स्वस्त दुर्बिणीबरोबर जी पिटुकली शोधक-नळी येते तिच्यात चित्र उलटं आणि मान वाकडी. मुलं तिला दोन मिनिटांत कंटाळतात.

ही कल्पना मुळात बंदूक-तोफांसाठी निघाली. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. त्यांचा मूळ धंदा मात्र दुर्बिणींचा, आणि पुण्याशी त्यांचा संबंध त्याही आधीचा! प्राध्यापक कावसजी दादाभाई नाएगामवाला यांनी १८८८ साली कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे ज्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं तिथे, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणेकर ज्या गोष्टींचा अभिमान बाळगतात त्या यादीत हिचं नाव मी क्वचितच ऐकलं आहे, असो.

आता खरेदी. बंदुकीवर लावायचे लाल ठिपकेही बाजारात मिळतात. दिसायला भक्कम असतात, म्हणून ते दुर्बिणीला जोडायचा मोह होतो. जोडू नका. ते दिवसाउजेडी चालायचे असतात. ठिपका भगभगीत आणि काच रंगीत, त्यामुळे मंद तारे त्यात बुडतात. दुर्बिणीसाठीचा फाइंडर एक-दोन हजारांच्या आसपास मिळतो, त्यात चांगला निवडता येतो. दुकानाच्या दारात उभं राहून ठिपका लांबच्या विजेच्या खांबावर आणा आणि डोकं हळूच इकडेतिकडे हलवा. ठिपका खांब सोडून भटकू लागला तर ती काच टाकाऊ. मग ओंजळीच्या अंधारात धरून उजेड सगळ्यात कमी करा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढाही जास्तच वाटतो, म्हणून ठिपका जेमतेम दिसला पाहिजे. आणि बंद करताना ‘टक्’ असा आवाज येतो ना, तेही पाहा. नुसतं मऊ फिरणारं बटण रात्रभर चालू राहतं आणि पुढच्या अमावास्येला सेल मेलेला. १९४४ सालापासून पुण्यात असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या मंडळींकडे आधी त्यांची यंत्रं पाहून घेता आली, तर उत्तमच.

थंडीचं काय, असं लोणावळ्याला बंगला असलेले एक स्नेही मला विचारत होते. ‘लिथियमचा महागडा सेल घ्यावा का?’ बहुतेक फाइंडरमध्ये सीआर २०३२ हा चपटा बटण-सेल असतो आणि तो लिथियमचाच. शून्याखाली वीस अंशांतही तो तग धरतो. लडाखात हानलेला जाणाऱ्यानं त्याची काळजी करावी. तिथे प्लॅस्टिकही ठिसूळ होतं. आपली आठ-दहा अंशांची थंडी त्याला काहीच नाही. मावळातला खरा वैरी दव.

पवनेच्या काठी किंवा वळवण धरणाजवळ डिसेंबरची निरभ्र रात्र काढून पाहा. उघड्या आकाशाखाली काच आपली उष्णता वर टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. पाण्यावरची ओल मग तिच्यावरच बसते. दहाच्या सुमाराला ठिपक्याभोवती लाल धुकं दिसू लागतं, अकराला काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, यंत्र बिघडलं! मफलरीनं पुसू नका. काचेवरचा मुलामा जातो. काळ्या कार्डबोर्डचा वीतभर टोप काचेपुढे करून लावा. काम नसेल तेव्हा फाइंडरवर लोकरीची टोपी घाला. वीज जवळ असेल तर केस वाळवायच्या यंत्राची कोमट फुंकर पुरते. दीडदमडीचे उपाय आहेत, पण महागड्या यंत्रालाही तेच लागतात.

ठिपका आणि दुर्बीण यांचा मेळ मात्र उजेडीच घालावा. सूर्य मावळल्यावर पवनेच्या काठावरून तिकोन्याचं टोक कमी शक्तीच्या नेत्रिकेत मधोमध आणा, मग स्क्रू फिरवून ठिपका त्याच टोकावर बसवा. हे काम मुलाला करू द्या. अंधार पडल्यावर व्याधावर एकदा ताडून पाहिलं की कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, देवयानीची दीर्घिका, सगळं ते स्वतः शोधतं. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू द्यायची नाही. फाइंडर असो वा नसो, डोळा कायमचा जातो. आणि ठिपक्याऐवजी हिरवा लेझर घ्यावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मावळावरून विमानं जातात.

घरी आल्यावर ओलं यंत्र खोक्यात कोंबू नये. रात्रभर पंख्याखाली राहू द्यावं. मेअखेरीला सेल काढून ठेवावा, नाहीतर लोणावळ्याचा पाऊस स्प्रिंगला गंज आणि भिंगाला बुरशी आणतो. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या, एवढ्यावर पावसाळा निघतो. दिवाळीत उघडताना पुड्या बदलायच्या आणि सेल नवा घालायचा.