जर्मनीला निघालात? आधी तिथला रविवार समजून घ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की शेजारपाजारचे प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? व्हिसा झाला का? जेवणाचे काय? तिथे घर कोणत्या अटींवर मिळेल, भिंतीला ड्रिल कधी मारता येईल, इथे चालवत असलेली मोटारसायकल तिथे चालवता येईल का, हे सहसा कोणी विचारत नाही. नोकरीतले आठ तास कंपनी शिकवते. उरलेले सोळा तास ज्याचे त्यालाच शिकावे लागतात, आणि तिथेच खरी दमछाक होते.

हा विषय आता का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांना पाठवण्याचे उद्दिष्ट ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी, सुतार, चालक अशी कामे त्यात आहेत. म्हणजे ही संधी फक्त पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांची राहिलेली नाही. वणी, पुसद, दारव्ह्याच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलांचीही आहे. करारात जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा विचार झाला, हे चांगले झाले. पण भाषा येणे वेगळे आणि तिथे राहता येणे वेगळे.

भाड्याचे घर कसे असते?

बऱ्याचदा अगदी रिकामे. अनेक घरांत स्वयंपाकाचा ओटा, कपाटे, दिवेसुद्धा नसतात; जुना भाडेकरू ती सोबत घेऊन जातो. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. कर्ज काढून गेलेल्या मुलासाठी ही माहिती मोलाची आहे. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. ती नसेल तर पुढची बरीच कामे अडतात.

खिळा ठोकायला, फोटो टांगायला सहसा हरकत नसते. पण भिंत पाडणे, फरशी बदलणे यासाठी घरमालकाची परवानगी लागते आणि सोडताना घर पूर्ववत करून द्यावे लागू शकते. स्टुटगार्टच्या परिसरात ‘केअरवोखे’ नावाची जुनी रीत आहे. जिना आणि दारासमोरची जागा झाडण्याची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याने फिरते. ती चुकवली तर शेजारी आठवण करून देतात.

रविवारी ड्रिल का चालत नाही?

कारण तिथे रविवार ही राज्यघटनेने जपलेली गोष्ट आहे. १९१९ च्या वायमार घटनेत रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण मिळाले आणि १९४९ च्या घटनेने ते कायम ठेवले. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. ड्रिल, करवत, गवत कापण्याचे यंत्र चालवले तर तक्रार होऊ शकते आणि दंडही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानली जाते.

आपल्याकडे रविवार म्हणजे मिस्त्री घरी बोलावण्याचा दिवस, त्यामुळे हे विचित्र वाटते. पण रविवारची सुटी आपल्यालाही फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून ती १८९० मध्ये मिळवली. कष्टकऱ्याला एक दिवस शांतपणे मिळावा, हाच विचार दोन्हीकडे आहे. तो समजला की नियम जाचक वाटत नाही.

वायरमनलाही स्वतःच्या घरात काम करता येत नाही?

दिवा टांगता येतो, पण घराच्या कायम वायरिंगला हात लावता येत नाही. हे काम नोंदणीकृत व्यावसायिकानेच करायचे असते. पुसदला दहा बंगल्यांची वायरिंग केलेला मुलगा तिथे कंपनीच्या नोंदणीखाली काम करील. सुटीच्या दिवशी ओळखीच्यांच्या घरची कामे घेऊन चार पैसे जोडणे मात्र त्याला महागात पडू शकते. हे इथेच, विमानात बसण्याआधी सांगितले पाहिजे.

मोटारसायकलचे काय?

आता जरा आनंदाची गोष्ट. पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल मानली जाणारी गाडी गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाटमध्येच तयार केली. शेजारच्या ब्लॅक फॉरेस्टचे वळणदार रस्ते दुचाकीस्वारांचे आवडते आहेत. टिपेश्वरच्या रस्त्याने गाडी पळवणाऱ्याला तिथे करमेल.

पण परवाना हवा. भारतीय परवाना जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. सोबत भाषांतर लागते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, मराठीत किंवा हिंदीत नाही. हाती भारतीय परवाना असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास माफ असतात. तो नसेल तर सगळे पहिल्यापासून, आणि खर्च दोन-तीन हजार युरोंवर सहज जातो. म्हणून जाण्याआधी यवतमाळच्या आरटीओतून पक्का परवाना घ्या आणि त्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे का, ते तपासा.

तिथे १८ व्या वर्षी ‘ए-टू’ परवाना मिळतो, ३५ किलोवॅट शक्तीपर्यंतच्या गाडीसाठी. आपली ३५० सीसीची बुलेट त्यात आरामात बसते. गाडीला विमा आणि दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी सक्तीची आहे. एप्रिल ते ऑक्टोबर अशी ठरावीक महिन्यांची नंबर प्लेटही मिळते. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा.

सायलेन्सर बदलून फटाके फोडत फिरण्याची हौस मात्र इथेच सोडून जावी. असा बदल केला की गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. मोटारसायकलींच्या आवाजाला कंटाळलेल्या गावांनी बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये २०१९ पासून मोहीमच उघडली आहे.

छंदाला एवढे महत्त्व कशाला?

कारण रविवार. दुकाने बंद, ओळखीचे कोणी नाही, बाहेर चारलाच अंधार. परदेशातला एकटेपणा पहिल्यांदा जाणवतो तो अशा दिवशी. जर्मनीत छंदासाठी नोंदणीकृत मंडळे काढण्याची मोठी परंपरा आहे. सात सदस्य जमले की नोंदणी होते. दुचाकीचे, गाण्याचे, बागकामाचेही मंडळ असते. कामावर न जुळणारी ओळख तिथे जुळते आणि पुस्तकातली भाषा तोंडात बसते.

आणि मागे राहिलेले घर?

पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून इथल्या घरावर मजला चढवायचा, हे अनेकांचे स्वप्न असते. गिलावा, रंग, फरशी अशा आतल्या दुरुस्तीला नगररचना कायद्याने परवानगी लागत नाही. नवा मजला किंवा वाढीव बांधकाम मात्र परवानगीशिवाय करू नये. व्यवहार आई-वडील पाहणार असतील तर मुखत्यारपत्र करा. ते परदेशात केले तर भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. फोनवर ‘करून टाका बाबा’ म्हणणे सोपे असते; उद्या नोटीस आली तर ती म्हाताऱ्या बापाच्या हातात पडते.

जिल्ह्याने काय करावे?

फार काही नाही. भाषेच्या वर्गाला जोडून दोन दिवस द्यावेत. एक दिवस घराचा करार, अनामत, शांततेच्या वेळा आणि कामाच्या मर्यादा यांसाठी. दुसरा परवाना, मुखत्यारपत्र आणि बँकेच्या कागदांसाठी. आरटीओ आणि मुद्रांक कार्यालयाचा एकेक अधिकारी आणि परत आलेला एखादा जिल्ह्यातला माणूस एवढे पुरेसे आहे. कोट्यवधींची तरतूद लागत नाही.

तिथले सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट, असे इथे म्हणायचे नाही. सरकार मनुष्यबळ पाठवते, पण पोहोचतो तो माणूस. त्याला राहायला घर लागते, सुटीला विरंगुळा लागतो. याची तयारी न करता पाठवलेला मुलगा वर्षभरात कर्ज घेऊन परतला, तर दोष त्याच्या कौशल्याला देऊ नये.